पडद्यावरची खोटी लाट

“हात लावू नकोस त्या वायरलेसला!” प्रेमचंदकाका कडाडले, आणि कुंतीने माईककडे नेलेला हात झटकन मागे घेतला.

बाहेर वारा उसाची शेतं आडवी करत होता. पोलीस चौकीवर वादळाचा इशारा देणारा दुसरा लाल बावटा चढला होता. १९८६च्या जानेवारीतलं ते वादळ थेट त्यांच्या गावाच्या, रिव्हिएर दू रांपारच्या दिशेने येत होतं, आणि तुलसीराममामांची बोट अजून समुद्रात होती! मामांची मुलगी सुनयना कचेरीच्या दाराशी उभी राहून ओठ चावत होती. बोटीवर या एकाच वायरलेसचा आवाज पोहोचायचा.

“पण काका, माझ्या बाबांनी कालच दुरुस्त केलाय ना तो!” कुंती म्हणाली.

“दुरुस्त? बिघडवून ठेवलाय जयरामने!”

प्रेमचंदकाका मच्छीमार सोसायटीचे चिटणीस. त्यांनी टीव्हीला जोडलेल्या छोट्या कॉम्प्युटरकडे बोट केलं. कॉम्प्युटरच्या पाठीमागे साबणाच्या वडीएवढी एक काळी पेटी होती. “हा ऑसिलोस्कोप! विजेची लहर पडद्यावर दाखवतो. वायरलेसमधून सेकंदाला वीस लाख कंपनं निघायला हवीत, आणि सकाळी तपासलं तर हे असं!” त्यांनी कागदावर उतरवलेली दोन चित्रं पुढे केली. “किती संथ लहर आहे बघ! भलत्याच लहरीवर बोललो, तर बचावपथकाचं बोलणं अडेल. वायरलेस बंद म्हणजे बंद!”

बाबा सुटे भाग आणायला दूर क्वात्र बॉर्न शहराला गेले होते, आणि आता बसही थांबल्या होत्या. विचारायचं कोणाला? तिने पुन्हा त्या चित्रांकडे पाहिलं. एकात चार लाटा होत्या. दुसरं दुप्पट वेळ टिपून काढलं होतं, म्हणजे त्यात आठ हव्यात. तिने मोजल्या. अकरा!

ती सुनयनाला आणि दोघींचा मित्र हरिलाल याला ओढतच बाहेर घेऊन आली. “खरी लहर असती, तर दुप्पट वेळात दुप्पटच लाटा दिसल्या असत्या. ती पेटी खोटं बोलतेय!”

“पेटी कशी खोटं बोलेल?” सुनयना रडवेली झाली होती.

“सिनेमात घोडागाडी सुसाट धावते, पण तिचं चाक उलटं फिरताना दिसतं, आठवतं? कॅमेरा मधून मधून फोटो काढतो, म्हणून! ही पेटीही मधून मधूनच बघते. माहितीपत्रात लिहिलंय, सेकंदाला जास्तीत जास्त वीस हजार वेळा. वीस लाख कंपनं तिला दिसणार कशी?”

“मग सांग ना काकांना!”

“ते ऐकणार आहेत का? दाखवायला हवं. आणि वीज जायच्या आत!”

“व्हित, व्हित! पळा!” हरिलाल ओरडला.

पाऊस सुयांसारखा टोचत होता. घरी पोचून कुंतीने बाबांचा जनरेटर काढला. हव्या तितक्या कंपनांची लहर तयार करणारं ते जुनं यंत्र तिने गोणपाटात गुंडाळलं. येताना सुनयना दोनदा पडली, पण यंत्राला चिखल लागू दिला नाही.

“पुन्हा आलात?” काका वैतागले.

हरिलालने साळसूद चेहरा केला. “काका, जयरामकाकांचं हे यंत्रही बिघडलंय का, तुमचा ऑसिलोस्कोपच सांगू शकेल ना!”

काका खूश झाले. “अलबत!”

कुंतीने काटा एक हजारावर लावला. पडद्यावर लहर आली, अगदी मोजून तितकीच. मग तिने काटा दहा लाखांवर नेला. लहर पुन्हा संथ, रेंगाळणारी!

“बघा! हेही बिघडलंय!” काका टाळी वाजवत म्हणाले.

“हरिलाल, तुझा ट्रान्झिस्टर!”

वादळाच्या बातम्यांसाठी हरिलालने तो खिशातच ठेवला होता. त्याने ट्रान्झिस्टरचा काटाही दहा लाखांच्या खुणेवर आणला. पीऽऽऽ! कुंतीने जनरेटर बंद केला, आवाज गेला. चालू केला, पीऽऽऽ!

“काका, यंत्र दहा लाख सांगतं, रेडिओलाही ते दहा लाखांवरच ऐकू येतं. मग संथ लहर कोण दाखवतंय?”

काका पडद्याकडे बघतच राहिले. “बोंद्ये! अरे देवा! म्हणजे जयरामचा वायरलेस...”

फट्! वीज गेली. पडदा काळा झाला.

“वायरलेस बॅटरीवर आहे!” सुनयना किंचाळली. “काका, तो लावा ना!”

काकांनी खटका दाबला आणि माईक कुंतीपुढे धरला.

“तुलसीराममामा! ऐकू येतंय का? वादळ येतंय!”

नुसती खरखर. तिने पुन्हा हाक मारली. खरखर! सुनयना भिंतीला टेकून खाली बसली. काका पुटपुटले, “उशीर केला मी. फार उशीर केला.”

तरी कुंतीने तिसऱ्यांदा हाक मारली. “मामा! अंब्र बेटाच्या आडोशाला जा! मामा!”

खरखर... आणि त्यातून एक तुटका आवाज. “... ऐकलं... वळतोय...”

दोन दिवसांनी वादळ निवळलं. मामांच्या घरावरचे पत्रे उडाले होते, पण मामा आणि बोट सुखरूप परतले. सगळ्या गावासमोर प्रेमचंदकाकांनी नुकत्याच पोचलेल्या जयरामचे हात धरले. “चुकलो मी, जयराम. यंत्रावर विसंबलो, पण यंत्रालाच तपासायचं राहिलं. ते या पोरांनी केलं!”

बाबा कुंतीकडे बघत राहिले. एवढ्या अभिमानाने त्यांनी तिच्याकडे आजवर पाहिलं नव्हतं.

“पहिलीच हाक ऐकली होती मी, पोरी,” मामा म्हणाले. “पण दोन्ही हातांनी सुकाणू धरलं होतं. उत्तर कसं देणार? कुठे वळायचं, तेही सुचत नव्हतं. आडोशाचं ऐकलं, तेव्हा कसाबसा एक हात सोडवला. तू दोन हाकांवर थांबली असतीस तर...”

त्यांनी कुंतीला आणि सुनयनाला एकदमच जवळ घेतलं.