लाल चिठ्ठी

गेली एकोणीस वर्षं मी थर्मामीटर तपासतो. कोमट पाण्याच्या टाकीत ते बुडवायचे, एकाने आकडा वाचायचा, दुसऱ्याने काचेकडे न बघता लिहायचा. बरोबर असेल त्याला दोघांची सही, चुकेल त्याला लाल चिठ्ठी, तीही दोघांच्या सहीची: सदोष. काम कंटाळवाणं आहे. माझा जोडीदार मात्र म्हणतो, "आपणच खोटं लिहिलं, तर लोकांनी ताप कुणाला विचारायचा?"

सोमवारी धाकटी बहीण घरचा थर्मामीटर घेऊन माझ्या कामावर आली. शनिवारी दुपारी आई झोपली ती दिवेलागणीपर्यंत हलली नव्हती. मग आपणहून उठली आणि चहा मागितला. तेव्हापासून तिचे हात गार होते आणि पारा वर चढत नव्हता. डॉक्टर फोनवर म्हणाले होते, आधी थर्मामीटर तपासून घ्या, मग बोलू.

सदतीसच्या पाण्यात सदतीस. एकोणचाळीसच्या पाण्यात एकोणचाळीस. जोडीदाराने आणि मी तीनदा बघितलं. थर्मामीटर चोख होता.

बहिणीला काही न सांगता तिच्याबरोबर घरी गेलो. आई लसूण सोलत बसली होती. माझं पोट सुटलंय म्हणून तिने नेहमीसारखा टोमणा मारला. मी थर्मामीटर आधी स्वतःच्या तोंडात धरला: सदतीसला जरासा कमी. मग धुऊन, झटकून तिला दिला. पाच मिनिटं थांबलो. पारा तळाशीच.

माझं डोकं चालेना. मी पुन्हा झटकू लागलो.

"किती मोजशील?" आई म्हणाली. "मी आहे ना समोर?"

बहिणीने मला दाराबाहेर ओढलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"दादा, बिघडलाय असं लिहून दे. मला तिच्याजवळ झोपायचंय."

मलाही आई हवी होती. मी खिशातून लाल चिठ्ठी काढली, 'सदोष' लिहिलं, सही केली. जोडीदाराची सहीसुद्धा मीच ठोकली.

आत गेलो तेव्हा आईने माझा हात हातात घेतला. तिचा हात मला मुळीच गार लागला नाही. मला हायसं वाटलं.

चिठ्ठी घेताना बहिणीची बोटं माझ्या बोटांना लागली. तिने झटकन हात मागे घेतला.

"दादा, तू किती गार पडलायस."

मी थर्मामीटर झटकला, जिभेखाली धरला. पाच मिनिटं.

पारा तळाशीच होता.

थर्मामीटर सदोष होता. तसं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं.