चंद्रावर संध्याकाळ होते तेव्हा

वद्य पंचमीच्या सकाळी आठ वाजले तरी चंद्र मावळला नव्हता. पश्चिमेला टेकडीच्या वर तो फिकट पांढरा दिसत होता आणि त्याची खालची कड कुणीतरी कुरतडल्यासारखी नाहीशी झाली होती. अकरा वर्षांची क्षिप्रा अंगणात उभी राहून त्या कडेकडे एकटक बघत होती. काल कड एवढी गेली नव्हती.

त्या चंद्रावर तिची आई होती.

तिची आई मंदाकिनी आणि सहकारी इनास डिमेलो, अशी दोनच माणसं गेले चार महिने चंद्राच्या बरोबर मध्यावरच्या एका छोट्या तळावर राहून तिथल्या खडकांचा अभ्यास करत होती. तीन दिवसांपूर्वी एक अशनी (अवकाशातून येऊन आदळणारा दगड) तळाच्या बॅटऱ्यांच्या खोलीवर पडला. होता डाळिंबाएवढाच. पण त्या वेळी इनासकाका आत काम करत होते. ते जागच्या जागी गेले. रात्रीसाठी वीज साठवणाऱ्या बॅटऱ्याही गेल्या; आता तळ नुसत्या उन्हावर चालत होता.

लोणारच्या त्या घरात तेव्हापासून कुणी धड जेवलं नव्हतं. क्षिप्राचे आबा, म्हणजे आईचे वडील, जन्मभर वेधशाळेत काम केलेले. तीन दिवसांची दाढी वाढलेले आबा ओट्यावर येऊन बसले, तशी क्षिप्रा वळली.

"आबा, पृथ्वीची सावली आईपर्यंत कधी पोचणार?"

"ती पृथ्वीची सावली आहे, असं कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात."

"मग सगळेच चुकतात." आबा उठले. झाडाखाली पडलेलं एक करडं-पांढरं कवठ त्यांनी उचललं आणि तिच्या हातात दिलं. "हात लांब कर. कवठ चंद्राच्या शेजारी धर. आता काय दिसतं?"

सकाळचं ऊन तिच्या पाठीमागून येत होतं. कवठाचा बराचसा भाग उजळला होता आणि खालची कड काळवंडली होती. क्षिप्रा चमकली. शेजारच्या चंद्राचा आकार हुबेहूब तसाच होता.

"यावर कुठे पडली पृथ्वीची सावली?" आबा म्हणाले. "सूर्याच्या समोरची अर्धी बाजू उजळते, मागची अर्धी अंधारात राहते. कवठाचं तसंच चंद्राचं. अर्धा चंद्र कायम उजळलेलाच असतो. त्या उजळलेल्या भागातला आपल्याला किती दिसतो, एवढंच रोज बदलतं, कारण चंद्र आपल्याभोवती फिरतो. यालाच चंद्राच्या कला म्हणतात. आता हात तसाच ठेवून डावीकडे वळत जा."

ती सावकाश वळू लागली. उजेडाचा भाग कमी होत होत अर्धा झाला, मग नुसती कोर उरली. ती सूर्याच्या दिशेला आली, तसा आबांनी तिच्या डोळ्यांवर हात धरला. "सूर्याकडे बघायचं नाही. फक्त कवठ बघ."

"सगळं काळं दिसतंय. अमावास्या!"

"हो. पण पलीकडून ते लख्ख उजळलेलं आहे. आणखी वळलीस की कोर वाढत जाईल. सूर्य पाठीशी आला की पौर्णिमा. तेव्हा तुझ्या डोक्याची सावली कवठावर पडली, तर ते झालं चंद्रग्रहण. पृथ्वीची सावली येते ती फक्त तेव्हा."

क्षिप्राने कवठ खाली घेतलं. उजेड आणि अंधार जिथे भेटत होते, त्या जागेवर तिने बोट ठेवलं.

"या रेघेवर काय होतं, आबा?"

"ती संधिरेषा. सध्या ती जिथे पोचते तिथे सूर्य मावळतो. चंद्रावरचा दिवस आपल्या जवळजवळ पंधरा दिवसांएवढा आणि रात्रही तेवढीच. अष्टमीला चंद्र अर्धा दिसेल, तेव्हा ही रेघ बरोबर मध्यावर असेल."

"म्हणजे आईच्या तळावर."

"हो. तीन दिवसांनी."

"आणि बचावयान?"

आबा तिच्याशी कधी खोटं बोलत नसत. "चार दिवसांनी," ते म्हणाले. बॅटऱ्यांशिवाय चंद्रावरची रात्र म्हणजे उणे दीडशेच्याही खालची थंडी. हवा शुद्ध करणारं यंत्रसुद्धा बंद पडणार. ते त्यांनी सांगितलं नाही, पण तिला कळलं.

ती कितीतरी वेळ कवठ फिरवत राहिली. मग एकदम म्हणाली, "पण रेघेच्या पुढे ऊन आहेच ना? आई रोव्हर घेऊन तिकडे का जात नाही?"

"अवकाश केंद्रातून कालपासून तेच सांगताहेत तिला. रेघ तासाला पंधरा किलोमीटर सरकते, रोव्हर सहा किलोमीटर जातो. अंधार तिला गाठणारच, पण तीनऐवजी पाच दिवसांनी. तेवढ्यात यान वाटेत उतरेल. पण ती निघत नाहीये." आबांनी चंद्राकडे पाहिलं. "इनाससाठी खड्डा खणतेय. एकटी. तिथली जमीन थोडं खाली गेलं की दगडासारखी. उद्यापर्यंत थांबली आणि वाटेत काही बिघडलं, तर सवड उरणार नाही."

"मला बोलायचंय तिच्याशी."

नऊ वाजता केंद्राने संपर्क जोडून दिला. इकडचं बोलणं तिकडे जाऊन उत्तर यायला जवळजवळ तीन सेकंद लागायचे. ते तीन सेकंद क्षिप्रा श्वास रोखून धरायची.

"क्षिपू," आईला धाप लागली होती. "त्याला असं उघड्यावर टाकून येऊ? त्याच्या लेकीला, ज्युडिथला काय सांगू मी?"

"आई, तिथे आता संध्याकाळ होईल, मग रात्र. पण शुद्ध अष्टमीला तिथे परत सकाळ होणार आहे. तेव्हा माणसं जातील आणि काकांना घेऊन येतील. अंधारात काकांना काही होणार नाही, आई. तुला होईल."

तीन सेकंद झाले. दहा झाले. आबांनी डोळे मिटून घेतले होते.

"त्याच्यावर पांघरूण घालते," आई अखेर म्हणाली. "आणि निघते."

पुढे रोज सकाळी क्षिप्रा चंद्र बघायची. षष्ठीला अंधार आणखी वर सरकला. सप्तमीला रोव्हरचं एक चाक अडकलं आणि नऊ तास वाया गेले. त्या दिवशी आबांनी कुलदैवतापुढे हात जोडले, एरवी ते कधी जोडत नसत. अष्टमीला चंद्र अर्धा झाला. तळ अंधारात गेला, इनासकाकांसह. नवमीला यान उतरलं, तेव्हा रोव्हरच्या समोर सूर्य क्षितिजाला टेकायला आला होता आणि मागे अंधार सव्वाशे किलोमीटरवर होता.

आई वाचली. पण घरात कुणी पेढे आणले नाहीत.

अमावास्येनंतर ती घरी आली. हातांना फोड आले होते. ती खिडकीशी बसून राहायची, विचारलं तेवढंच बोलायची. वसईहून दोनदा ज्युडिथचा फोन आला, तो तिने घेतला नाही.

शुद्ध अष्टमीला दुपारी चार वाजता पुन्हा फोन वाजला. या वेळी क्षिप्राने उचलला. ज्युडिथ तिच्यापेक्षा वर्षाने लहान होती.

"पप्पांना आणायला आज जाणार म्हणतात. पण तिथे अंधार आहे ना गं?"

"तुला चंद्र दिसतोय का? पूर्वेकडे बघ, दिवसासुद्धा दिसतो."

"दिसतोय. अर्धा आहे."

"उजेडाची रेघ बरोबर मधोमध आहे ना? तिथेच तळ आहे. या वेळी रेघ उजेड पुढे नेतेय. म्हणजे तिथे आत्ता सूर्य उगवतोय."

"मग पप्पा उन्हात आले?"

"हो. आणि आता जवळजवळ पंधरा दिवस तिथे ऊन राहील. माणसं घाई न करता त्यांना नीट घेऊन येतील."

पलीकडून रडण्याचा आवाज आला. क्षिप्राने वळून पाहिलं. आई खिडकीपासून उठून तिच्यामागे येऊन उभी होती. फोड आलेला हात तिने पुढे केला.

"दे इकडे," आई म्हणाली. "ज्युडिथशी मी बोलते."