पुस्तक बाहेर पडेपर्यंत

चैत्र लागला की लालबागच्या मसाला गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. डंखाच्या यंत्रावर मिरच्या कुटल्या जात असतात, डोळे झोंबत असतात, नंबर काही पुढे सरकत नसतो आणि प्रत्येक बाई पुढचीवर खेकसत असते. अंबिका धुरी त्या रांगेत कधीची उभी होती. शाळेत शिकवून थेट आलेली, उपाशी, आणि राग तर तिच्या नाकावर जन्मापासूनच. अशा वेळी शेजारून एक उंच तरुण तिच्या परातीत डोकावला.

“एवढे धणे? आणि कांदा-लसूण नाहीच? मग हा मसाला उभा राहतो कशाच्या जोरावर?”

“माझ्या,” अंबिका म्हणाली. “सरका बाजूला.”

तो सरकला खरा, पण सरकता सरकता त्याला अशा काही शिंका आल्या की सगळी रांग हसायला लागली. अंबिका हसली नाही. मिरची सोसत नाही आणि आम्हाला मसाला शिकवतोय मेला! घरी जाऊन तिने आईला हे सांगितलं, जेवताना परत सांगितलं. आईने, म्हणजे सुभद्राबाईंनी, एवढंच विचारलं की दिसायला कसा होता. त्यावरही अंबिका चिडली.

आता घरात चिडायला तिला वेगळं कारण होतंच. तिचे वडील गुणाजी गिरणीत साच्यावर कापड विणायचे. त्यांनी मालवणाकडचं एक स्थळ आणलं होतं. जयवंत नावाचा मुलगा, पोर्टात कारकून, गावी घर, आंब्याची झाडं, विडीकाडीचं व्यसन नाही. मुलात खोट काढायला जागा नव्हती, आणि खोट नसलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? गेली कित्येक वर्षं शाळेची सुट्टी लागली की ती गावी जाऊन कोकणावरचं पुस्तक लिहीत होती. तिथली चूल, खाडीतले पक्षी, जत्रा, जुने किल्ले, सगळं त्यात होतं. त्या लग्नाच्या भुणभुणीला कंटाळून एकदा ती तिरीमिरीत बोलून गेली, “माझं पुस्तक बाहेर पडू दे. मग तुम्ही दाखवाल त्या मुलाच्या गळ्यात माळ घालते.” गुणाजींनी तो शब्द घट्ट धरून ठेवला. ते संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेले गृहस्थ. शब्द म्हणजे शब्द.

मसाला गल्लीतल्या त्या प्रकाराच्या दुसऱ्याच दिवशी ती गिरगावात प्रकाशकांकडे गेली. माधवराव म्हणजे विड्याचं पान जमवता जमवता माणसाचं आयुष्य हलवून सोडणारे. ते म्हणाले, आज ना उद्या आपलं राज्य होणारच, मुंबईसकट होणार, तेव्हा नुसतं कोकणावर पुस्तक काढून चालायचं नाही. कोकण आणि देश, एकाच बांधणीत. पहिला भाग तुमचा, दुसरा या गृहस्थांचा. आणि कपाटाआडून उठून उभा राहिला तो कालचा शिंकणारा.

दौलत पिसाळ. मूळचा साताऱ्याकडचा, परळला एका गिरणीच्या ऑफिसात कारकून. गाववाल्यांबरोबर एका खोलीत राहायचा, खाणावळीत जेवायचा आणि सुट्टी मिळाली की किल्ले चढायचा.

“या बाई माझ्या ओळखीच्या आहेत,” तो म्हणाला.

“माझ्या नाहीत हे,” अंबिका म्हणाली.

माधवरावांनी एकाचं लिखाण दुसऱ्याला तपासायला दिलं. झालं! दौलतने लिहिलं होतं की कोकण्याला भात आणि मासा मिळाला की त्याच्या डोक्याला दुसरा ताप नाही. अंबिकाने त्यावर काट मारली. तिने लिहिलं होतं की घाटावरची माणसं तिखट खातात, कारण त्यांच्या पानात चवीचं दुसरं काही नसतं. त्याने त्यावर काट मारली. पुरणपोळी नारळाच्या दुधाबरोबर की कटाच्या आमटीबरोबर, यावर ते माधवरावांच्या कचेरीत इतके भांडले की खालच्या मजल्यावरचा शिंपी वर बघायला आला.

एकदा त्याने विचारलं, तुम्ही पेडव्यांसारख्या बारक्या माशावर पाच पानं लिहिलीत, पण त्यातले काटे कसे काढायचे ते कुठंच नाही.

“ते काय लिहायचं? ते येतंच.”

“मला नाही येत.”

“मग खाऊ नका. तुमच्यावाचून पेडवे अडलेत थोडेच?”

तो नुसता हसला. तिला वाटलं, या माणसाला राग का येत नाही? समोरच्याला राग येत नसला की भांडणाची अर्धी मजा जाते. घरी परतताना मात्र तिच्या ध्यानात आलं, की आपण पुढच्या शनिवारी कचेरीत भेटल्यावर काय बोलायचं ते आत्तापासून जुळवतोय. तिने स्वतःलाच एक शिवी हासडली.

शेवटचं प्रकरण मुंबईवर होतं आणि ते दोघांनी मिळून लिहायचं होतं. इथे तर कडेलोट झाला. ती म्हणे, मुंबई कोकणाचीच, समुद्र बघा, कोळीवाडे बघा. तो म्हणे, आणि गोदीत पाठी कोणाच्या वाकल्या? बाजारात भाजी कुठून उतरते? शेवटी माधवराव हात जोडून म्हणाले, बाहेर पडा आणि डोळ्यांनी बघून लिहा.

म्हणून ते हिंडले. अंबिकाचा धाकटा भाऊ लवू सोबतीला असायचाच, तरणीताठी बहीण एकटी कशी पाठवणार? शीव कोळीवाड्यात जाळी विणणाऱ्या बायकांशी बोलले, दादरच्या भाजीवाल्यांशी बोलले. एका संध्याकाळी शिवडीला गेले. ओहोटी होती. दूरवर नुसता चिखल, त्यात खेकड्यांची भोकं, आणि लांब चोचीचे पक्षी पावलं मोजल्यासारखे चालत होते. अंबिका पक्षी नीट दिसावेत म्हणून पुढे गेली. दौलत म्हणाला, बाई, पुढे रुतेल. हे ऐकल्यावर ती आणखी पुढे गेली, हे सांगायला नकोच. एक चप्पल चिखलात रुतली ती रुतलीच.

तो पाटलोण दुमडून उतरला, कोपरापर्यंत हात घालून चप्पल काढली, समुद्राच्या पाण्यात खळबळून धुतली आणि तिच्या पायांपाशी ठेवली. खारा वारा सुटला होता. तिच्या पदराचं टोक उडून त्याच्या चिखलाच्या हाताला लागलं… आणि त्याने हात चटकन मागे घेतला, जणू पदर मळला तर त्याचाच गुन्हा.

“मी सांगितलं होतं, असं म्हणा ना एकदाचं,” ती म्हणाली.

“कशाला? तुम्ही ऐकणार नाही हे ठाऊक होतं. म्हणून तर मी आधीच वहाणा काढून ठेवल्या होत्या.”

तिने वळून पाहिलं. खरंच, कातळावर त्याच्या वहाणा नीट मांडून ठेवलेल्या होत्या. तिला इतका राग आला, इतका… की डोळ्यांत पाणीच आलं. हा मेला सरळ भांडतसुद्धा नाही. आणि त्या क्षणी तिला कळून चुकलं की पुस्तक बाहेर पडायला नको आहे. कधीच पडायला नको आहे.

पण तोंडाने ती कशी सांगणार? तिने आपल्या वाट्याची पानं लिहून त्याच्या हवाली केली. दोन्ही जोडून त्याने प्रकरण पुरं करायचं होतं. दिवाळी गेली, संक्रांत गेली. तिळगूळ देताना त्याच्या बोटांना तिची बोटं लागली आणि दोघंही भलतीकडे बघत राहिले. राज्य होणार असं आता वर्तमानपत्रंही म्हणू लागली. माधवराव रोज निरोप धाडत होते. दौलतचं उत्तर एकच, अजून झालं नाही, अजून मनासारखं उतरत नाही. इकडे गुणाजी विचारत, तुझ्या पुस्तकाचा काय झाला गो? अंबिका मनातल्या मनात देवाचे आभार मानी, आणि वर दौलतच्या आळसाला नावं ठेवी.

एके दिवशी ती अशीच नावं ठेवत होती, तेव्हा लवू बोलून गेला, “आळस कसला? त्याचं लिहून कधीच झालंय. मीच वाचलंय.”

“मग देत का नाही?”

लवूने मान खाली घातली. शिवडीहून परतताना दौलतने विचारलं होतं, बाईंच्या डोळ्यांत पाणी का आलं? तेव्हा याने पोर्टातला मुलगा, वडिलांना दिलेला शब्द, सगळं सांगून टाकलं होतं.

अंबिका तशीच उठली, चपला चढवल्या आणि लालबागहून तरातरा परळला गेली. रविवारची दुपार. चाळीची गॅलरी माणसांनी भरलेली, कोणी दाढी करतंय, कोणी पत्ते खेळतंय. एक बाई पुरुषांच्या खोलीपुढे उभी राहिलेली बघून पत्ते थांबले.

“प्रकरण झालंय?” तिने विचारलं.

दौलत बनियनवर होता. त्याने घाईने सदरा चढवला. “झालंय.”

“मग अडवून का ठेवलंत?”

“पुस्तक बाहेर पडलं की तुमचं लग्न.”

“माझं पुस्तक अडवणारे तुम्ही कोण?”

“कोणी नाही,” तो हळूच म्हणाला. “तेच तर दुखणं आहे.”

 अंबिकाचा आवाज चढला, पण रागाने की कशाने, हे तिलाही सांगता आलं नसतं.

“किती वर्षं उन्हातान्हात हिंडून लिहिलंय मी ते. अडवायचं होतं तर लग्न अडवायचं. पुस्तक कशाला अडवलंत? समोर येऊन एक वाक्य बोलायला काय झालं होतं? किल्ले चढता ना?”

“किल्ल्यांना वडील नसतात,” तो म्हणाला. मग तिच्याकडे सरळ बघून म्हणाला, “अंबिका, मला तुम्ही हव्या आहात. चिडलेल्या, न चिडलेल्या, कशाही. मी चुकलो. पुस्तक अडवायला नको होतं.”

तिने हात पुढे केला. त्याने पानं आणून दिली.

“हे आजच माधवरावांकडे जाईल. पुस्तक हातात आलं की तुम्ही घरी यायचं, बाबांसमोर बसायचं. आला नाहीत तर मी त्या पोर्टवाल्याशी लग्न करीन आणि रोज सकाळी तुम्हाला शिव्या देईन.”

“रोज?”

“दोन वेळा,” ती म्हणाली आणि जिना उतरली. खाली पोचेपर्यंत तिला हसू आवरेना.

पुन्हा चैत्र आला. बांधणीचा वास असलेली पहिली प्रत घेऊन दौलत रविवारी लालबागला आला. त्याआधी सकाळी अंबिकाने त्याचं नाव काढल्यावर घरात जे महाभारत झालं ते चाळीने भिंतीला कान लावून ऐकलं होतं. गुणाजी म्हणाले, जात एक असूंदे, देव एक असूंदे, माका घाटी जावई नको. अंबिका म्हणाली, “बाबा, शिवाजी पार्कावर घसा फोडून ओरडलात, सगळा महाराष्ट्र एक. तुरुंगात घाटावरच्यांच्या ताटात जेवलात. ते सगळं मैदानापुरतंच होतं? घराचा उंबरठा आला की आपलं कोकण वेगळं?”

 पिशवी उचलून गुणाजी बाजारात गेले आणि पेडवे घेऊन आले. साधे नव्हे, बारीक, काट्यांनी भरलेले. सुभद्राबाईंना म्हणाले, तिखलं कर. बघूया घाटी कितको टिकता.

दौलत पानावर बसला. समोर पेडवे बघून त्याने एकदा अंबिकाकडे पाहिलं. ती दाराशी उभी होती, ओठ घट्ट मिटून. त्याने अख्खा पेडवा उचलला आणि किल्ला चढायला निघाल्यासारखा तोंडात घातला. पहिला कसाबसा गेला. दुसराही गेला. तिसऱ्याला त्याचा चेहरा लाल झाला, डोळ्यांतून धारा लागल्या, पण पठ्ठ्याने पान सोडलं नाही. चौथ्याकडे हात गेला.

“थांब!” गुणाजी ओरडले. “मरशीत! असो खातत काय मासो? आधी हो कोरडो भात गीळ. चावू नको, गीळ. काटो खाली जातलो.”

दौलतने भात गिळला. गुणाजी चरफडत त्याच्या पानाजवळ सरकले. “हय बघ. पाठीकडसून दाब. असो. आता शेपटी धर, मदलो काटो वढ. बघलंस, सगळो इलो भायर. पाच पाच पानां लिवतत पुस्तकात, आणि काटो काढूक कोण शिकयत नाय.”

“मी सांगितलं होतं बाईंना,” दौलत घोगऱ्या आवाजात म्हणाला. “काटे कसे काढायचे ते घाला म्हणून.”

“आणि ह्या चेडवान ऐकल्यान नाय.”

“नाही.”

“ता कोणाचाच ऐकणा नाय,” गुणाजी म्हणाले. बरोबरीच्या दुःखी माणसाकडे बघावं तसं त्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि आणखी एक पेडवा आपणच सोलून त्याच्या पानात ठेवला. सुभद्राबाईंनी पदराआड तोंड लपवलं.

अंबिका आत आली. तिने पुस्तक वडिलांच्या पाटाशेजारी ठेवलं. वर दोन नावं होती, एकाखाली एक.

“बाबा, पुस्तक बाहेर पडलं. मी शब्द दिला होता. आता तुम्ही दाखवाल तो मुलगा.”

गुणाजींनी मान वर केली नाही. ते पुढच्या पेडव्याचा काटा काढत होते.

“दाखवूक कित्याक होयो?” ते खेकसले. “हो काय बसलो हा समोर. वाढ तेका भात.”