शफलमधली खोट

"ज्याने कोणी हे डबडं बनवलंय ना, त्याला इथे आणून उठाबशा काढायला लावणार आहे मी!"

गार्गीने कपाटावरच्या म्युझिक प्लेअरकडे बघत जाहीर केलं. घाटकोपरच्या तिच्या छोट्याशा फिजिओथेरपी सेंटरमध्ये व्यायाम गाण्यांवर चालायचे. पण आज गाण्यांचा क्रम बदलत राहणाऱ्या शफलने तेच ते विरहाचं गाणं तिसऱ्यांदा लावलं होतं, आणि गुडघ्याच्या व्यायामाला आलेल्या भाऊरावकाकांचे डोळे पुन्हा भरून आले होते.

"किती?" दारातून आवाज आला.

"काय किती?"

"उठाबशा."

आखडलेल्या खांद्याच्या आईला घेऊन एक तरुण दारात उभा होता. चष्म्यावर पावसाचे थेंब, चेहरा चोरी पकडल्यासारखा...

"शौनक, गप्प बसवत नाही ना तुला?" त्याची आई मृणालिनीताई हसू दाबत म्हणाल्या. "हो गं बाई, हाच तो. चारकोपच्या कंपनीत हेच बनवतो."

गार्गीने जीभ चावली. पण माघार घेणाऱ्यातली ती नव्हतीच.

"एकच गाणं तीनदा? याला शफल म्हणतात?"

"म्हणजे... प्लेअर दर वेळी नव्याने चिठ्ठी उचलतो. तीच चिठ्ठी परत निघू शकते ना."

"पत्ते खेळलायस कधी? एकदा पिसले की बदामची राणी एकदाच येते. सगळे पत्ते संपेपर्यंत परत नाही!"

तिच्या तोंडून 'तू' कधी निघालं, ते तिलाही कळलं नाही. शौनक तिच्याकडे बघतच राहिला.

"हे... हे बरोबर आहे यार," तो म्हणाला.

भांडायला पदर खोचून तयार असलेली गार्गी त्या एका कबुलीने पार गारद झाली.

पुढच्या शनिवारी तो नवं शफल घेऊन हजर. मग दर शनिवारी. आईचा खांदा बरा झाला, तरी 'टेस्टिंग' काही संपेना. गाणी आता शहाण्यासारखी वाजायची. खोट उरली होती ती एकच. सगळी गाणी संपून नवा डाव सुरू झाला, की कधीकधी आधीचं शेवटचं गाणंच पहिलं यायचं. लागोपाठ दोनदा!

"पुन्हा झालं रे," ती फोनवर सांगायची.

"अरे बापरे. येतो शनिवारी," तो भलत्याच आनंदाने म्हणायचा.

भाऊरावकाका तर मजा बघायला मुद्दाम शनिवारचीच वेळ मागून घेऊ लागले.

आणि मग एका शनिवारी, काका घरी गेल्यावर, शौनक खाली बघत म्हणाला, "सोमवारी फायनल व्हर्जन बाजारात जातंय. आज शेवटचं टेस्टिंग."

गार्गीने चहाचा कप जरा जोरातच त्याच्यापुढे ठेवला. त्याने लॅपटॉप उघडला, काहीतरी टाइप केलं आणि मिटला. चहासुद्धा अजून गरम होता.

"झालं?"

"हो. नव्या डावाचं पहिलं पान जुन्या शेवटच्यासारखं आलं, तर परत पिसायचं. बस."

"एवढंच? आणि हे तुला सुचलं कधी?"

तो कपाशी चाळा करत बसला. "पहिल्याच आठवड्यात."

"मग केलं का नाहीस?"

"केलं असतं तर... इथे कशाला आलो असतो? आवडतेस तू मला, गार्गी."

खरं तर तिला राग यायला हवा होता. पण कान तापले, आणि हसू काही केल्या आवरेना.

"मीही कमी नाही. पेशंट गेले तरी प्लेअर चालूच ठेवायचे. गाणी लवकर संपावीत... खोट निघावी... आणि तुला फोन करता यावा."

वर प्लेअरवर शेवटचं गाणं संपत आलं होतं. नेमकं तेच, काकांना रडवणारं. दोघं श्वास रोखून ऐकू लागले. क्षणभर शांतता... आणि वाजलं ते दुसरंच गाणं, चांगलं ठेक्याचं!

"झकास," गार्गी म्हणाली खरी, पण आवाज पडलेला होता.

"आता शनिवारी यायला कारण नाही," तो बॅग उचलत पुटपुटला.

"शनिवारी नकोच येऊस. पेशंट असतात. रविवारी ये."

"रविवारी तर सेंटर बंद असतं ना?"

"म्हणूनच तर." तिने त्याच्या हातातली बॅग काढून खुर्चीवर ठेवली. "आणि तुझ्या उठाबशा बाकी आहेत अजून."

"किती?"

"बस ना," ती म्हणाली. "आधी चहा घे."