अकरा नंबरचा डबा

समृद्धीला मी रात्री साडेआठला तिच्या रूमवरून उचलून माझ्या घरी आणली. अंग तव्यासारखं तापलेलं आणि तोंडात एकच, "काही नाही मावशी, व्हायरल आहे. होईल बरं." आईला कळवलंस का विचारलं, तर म्हणे ती उगाच टेन्शन घेते. गोळी किती वाजता घेतलीस? आठवत नाही. पाणी? बाटली बेडखाली गेली होती, वाकवेना. या उद्याच्या इंजिनिअर.

पेज पाजली, खाटेवर बसवली. तिची रूममेट प्राची पायाशी बसली होती. तिच्या डोक्यात वेगळाच किडा.

"पण मावशी, तुम्हाला कळलं कसं? डबा तर रिकामा आला होता."

"रिकामा कसा झाला, ते आधी सांग."

प्राचीने मान खाली घातली. "खालच्या कुत्र्याला घातला. भरलेला गेला की तुम्ही फोन करून ओरडता ना."

"शाबास. ताप लपवायला कुत्रं कामाला लावलंत."

"मग कळलं कसं?"

"सांगते. मधे बोलायचं नाही. आणि समृद्धी, हातातला ग्लास रिकामा झाल्याशिवाय खाली ठेवायचा नाही."

खांदा कॉलनीत माझी खानावळ चोवीस वर्षं आहे. साठ-सत्तर डबे, सगळे कॉलेजच्या मुलांचे. डब्यावर लाल ऑइलपेंटने नंबर. एका नंबरचे दोन डबे, एक जाणारा, एक येणारा. शिवा म्हणून माझ्या माहेरचा, गव्हाणचा माणूस आहे, पन्नाशीचा. तो स्कूटरवरून जाऊन भरलेला डबा दाराच्या कडीला अडकवतो आणि कालचा रिकामा तिथूनच काढून आणतो. कोणी कोणाचं तोंड बघत नाही. म्हणून माझा एक नियम आहे. डबा भरलेला परत आला, की मी स्वतः फोन करते. हा नियम कुठून आला, तेही येईल पुढे.

दोन हजार चोवीस साल. बारा सप्टेंबर, गुरुवार. गौरी-गणपतीच्या विसर्जनाची रात्र. शिवा दुपारीच सांगून गेला होता, "ताई, आज आमचा गनपती जानार हाय. मी काय येत नाय." निम्मी मुलं गावाला गेलेली, डबे सहाच होते. म्हटलं, मीच टाकून येते.

शेवटचा डबा निनादचा. जळगावचा मुलगा, दुसऱ्या वर्षाला. चार मजली इमारत, लिफ्ट नाही, तिसऱ्या मजल्यावर खोली. बरोबरचे तिघे कोकणातले, ते गणपतीला घरी गेलेले. हा एकटाच राहिलेला.

त्याच्यावर मी खूश होते. दोन दिवस त्याचा डबा धुऊन येत होता. इतक्या वर्षांत एकाही मुलाने मला डबा धुऊन दिला नव्हता. आमटी वाळून चिकटलेली, तीत चपातीचे तुकडे कोंबलेले, वर वेफर्सची पुडी. आयांनी काय शिकवलंय यांना, देव जाणे. आणि हा लख्ख घासून देतो. म्हटलं, आज तोंड तरी बघू या मुलाचं.

नऊ वाजून चाळीस मिनिटांनी मी वर पोचले. जिन्यातला दिवा गेलेला. दूर तलावाकडे ढोल चाललेले. कडीला कालचा डबा होता. धुतलेला. मी तो काढून पिशवीत टाकला आणि दार वाजवलं.

"निनाद, खानावळीची मावशी आहे रे."

आतून लगेच आवाज आला. "हो मावशी."

"काल जेवलास ना?"

"जेवलो."

"डबा छान घासतोस हो. बरा आहेस ना?"

"बरा आहे."

"मग दार उघड की. मुगाची खिचडी आहे, गरम खा."

दार उघडलं नाही.

मग आत चमचा खरवडल्याचा आवाज आला. स्टीलच्या डब्याच्या तळाशी चमचा खरवडतात ना, तसा. हळूहळू. पुन्हा पुन्हा.

मी हातातल्या पिशवीकडे बघितलं. त्याचा कालचा डबा माझ्या पिशवीत. आजचा माझ्या हातात.

मग आत डबा कुठला...

"निनाद?"

खरवडणं थांबलं.

आणि दुसरा आवाज आला. खालून. दाराच्या फटीपाशी, अगदी जमिनीलगत.

"मावशी... तो मी नाही..."

मी खाली वाकले.

"पाणी..."

मी दार बडवायला लागले. समोरच्यांचं दार वाजवलं, तिकडे टीव्ही मोठ्याने लावलेला. कोणी येईना. मी निनादचं नाव घेत होते, शिव्या देत होते, कोणाला ते मलाच माहीत नाही.

तेवढ्यात आतली कडी सरकली.

दार वीतभर उघडलं. मागे कोणी नाही. मी चाचपडत बटण दाबलं. निनाद खाली फरशीवर पालथा. ओठ फुटलेले. एक हात दाराकडे, पण कडी त्याच्या हातापासून चार फूट वर. खोलीत दुसरं माणूस नाही. दुसरं दार नाही. खिडकीला जाळी.

माझा आवाज ऐकून समोरचे आले अखेर. दोघांनी त्याला खाली आणला, रिक्षात घातला. डेंग्यू. प्लेटलेट अठरा हजार. डॉक्टर म्हणाले, सकाळपर्यंत थांबला असतात तर काही उपयोग नव्हता. सोमवारी दुपारपासून तो पडून होता. आईचा फोन आला की म्हणायचा, झोपतोय, नंतर बोलतो. मग फोनही बंद पडला. दार उघडायला तो एकदाही उठला नव्हता.

"मग सोमवार ते बुधवार डबे कोणी खाल्ले?" प्राचीला राहवलं नाही.

"तेच मी त्याला विचारलं. दोन दिवसांनी, शुद्धीवर आल्यावर. तो म्हणाला, एक मुलगा यायचा. माझ्याकडे पाठ करून जेवायचा. मी पाणी मागितलं की म्हणायचा, थांब. माझं तीन दिवसांचं राहिलंय."

समृद्धीने एक घोट घेतला.

ते तीन दिवस मला माहीत होते.

दोन हजार पंधरा. तीच इमारत, तीच खोली. आर्यन नावाचा मुलगा राहायचा, अकरा नंबरचा डबा त्याचा. दोन दिवस डबा कडीवरून तसाच भरलेला परत आला. मी पहाटे चारला उठून लाटलेल्या चपात्या, तशाच. मला राग आला. बाहेरचं खातोय, माज आलाय, म्हणाले. शिवाला सांगितलं, अकरा नंबर बंद कर. एक फोन केला नाही. जिना चढले नाही. तीन दिवस त्याच्या दारावर कोणीच गेलं नाही. चौथ्या दिवशी दार तोडलं. कावीळ होती. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस आधी आणला असता तर...

त्याचा एक डबा खोलीतच राहिला होता. सामान कोणी कुठे नेलं कोण जाणे. मी मागायला गेले नाही. कोणत्या तोंडाने जाणार? जोडीचा दुसरा मोडीत दिला. तो नंबर पुन्हा कोणाला दिला नाही. आजवर हे कोणाला सांगितलंही नाही. आज तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही कुत्र्याला डबा घालता.

निनादला दवाखान्यात ठेवून मी तेरा तारखेला सकाळी सहाला घरी आले. माझ्याच दाराच्या कडीला डबा लटकत होता. जुना, पोचे पडलेला. लाल रंगात अकरा. लख्ख धुतलेला.

"तो... कुठे आहे?" समृद्धीने विचारलं.

मी वरच्या फळीकडे बोट दाखवलं. कोपऱ्यात, एकटा. त्या दिवसापासून तिथेच आहे, कोरडाठाक. कोणी हात लावत नाही.

"आज संध्याकाळी तुमचा डबा रिकामा आला. शिवाला म्हटलं, चला, पोरी जेवल्या. पुसून फळीवर ठेवायला हात वर केला, तर मनगटावर पाणी पडलं. गार. नळ तिकडे, मोरी तिकडे. छत कोरडं. वर फक्त अकरा नंबर. तशीच तुमची रूम गाठली."

समृद्धीने ग्लास रिकामा केला आणि खाली ठेवला.

"प्राची, माझा फोन दे. आईला लावते."

प्राचीने फोन दिला नाही. ती वर बघत होती. अकरा नंबरखाली, फळीच्या कडेला, पुन्हा थेंब जमत होता.