तीन हाका

यार्डात कुरडया वाळत होत्या.

चंद्रपूरच्या सबस्टेशनातल्या जुन्या माणसाला पूर्वी कोणी हे सांगितलं असतं, तर त्यानं सांगणाऱ्याच्या खिशात कांदा टाकून त्याला सावलीत बसवलं असतं. ऊन लागलं याला, दुसरं काय! ते यार्ड म्हणजे लोखंडी मनोऱ्यांचं आणि ट्रान्सफॉर्मरांचं रान होतं. कुंपणावर कवटीचं चित्र, आणि आत चोवीस तास अशी घरघर की कॉलनीतल्या माणसांना सुट्टीत गावी गेल्यावर शांततेपायी झोप यायची नाही. आता त्या रानातले मोजके मनोरे पश्चिमेच्या कोपऱ्यात उरले होते. बाकी सगळी मोकळी जमीन, आणि तिच्यावर कॉलनीतल्या बायकांनी जुन्या साड्या अंथरलेल्या.

वीज जमिनीखाली गेली होती. साध्या तारेतून वीज धावते तेव्हा वाटेत तिची झीज होते, तार तापते आणि गळक्या बादलीसारखं थोडं थोडं सांडत जातं. नव्या अतिवाहक केबलमध्ये ही झीजच नव्हती. मनोऱ्यांची अख्खी रांग जेवढी वीज आणायची, तेवढी ही मनगटाएवढी केबल एकटी आणत होती. अट एकच, तिला कडाक्याची थंडी हवी असायची. तिच्याभोवती द्रवरूप नायट्रोजन सतत खेळता ठेवावा लागे आणि तो शून्याखाली जवळजवळ दोनशे अंश असे. वर मे महिन्याचं चंद्रपूर.

"माणसं वर भाजून राहिली अन् वीज खाली गारव्यात लोळून राहिली. नशीब असावं तर असं!" कुरडयांवरचे कावळे हाकलत कुंपणापलीकडच्या ताराबाई म्हणायच्या.

सबस्टेशनचे जुने ऑपरेटर विलासभाऊ पिंपळशेंडे त्या सकाळी नेहमीप्रमाणे यार्डाच्या टोकाच्या खोलीत गेले. खोलीत कडं होतं. कडं म्हणजे त्याच अतिवाहक तारेचं मोठं वेटोळं, विहिरीच्या कठड्याएवढं, थंड पोलादी पेटीत बंद केलेलं. त्यात एकदा प्रवाह चढवला आणि वेटोळ्याची दोन टोकं आपसात जोडून टाकली, की प्रवाह आपला आपण फिरत राहतो. ढकलावा लागत नाही, आटत नाही. थंडी तेवढी राखावी लागते.

विलासभाऊंनी खिशातून लहानसं होकायंत्र काढलं आणि पेटीजवळ धरलं. काटा उत्तर सोडून कड्याकडे वळला.

"आहे," ते हळूच म्हणाले आणि त्यांना बरं वाटलं.

हा प्रवाह छायाबाईंनी चढवला होता. छायाबाई म्हणजे विलासभाऊंची बायको, याच यार्डातली तंत्रज्ञ. तरुणपणी खांबावर चढण्यात चार पुरुषांना मागे टाकणारी. प्रवाह किती टिकतो याची चाचणी तिच्याकडे होती. तिनं खटका दाबला, खटक्यावर आपली लाल पाटी अडकवली, 'काम चालू आहे – छाया पिंपळशेंडे', आणि म्हणाली, "उतरला की काढते." प्रवाह काही उतरला नाही. छायाबाईंचं पोटाचं दुखणं मात्र त्याच पावसाळ्यात उघड झालं आणि दिवाळीच्या आत त्या गेल्या. त्याला आता दुसरा उन्हाळा लागला होता.

पाटी तशीच होती. तारांवर काम करणाऱ्यांचा नियमच तसा कडक असतो. वर चढायच्या आधी खालच्या खटक्यावर आपल्या नावाची पाटी लावायची. पाटी आहे तोवर कोणाच्या बापानं खटक्याला हात लावायचा नाही, आणि ज्यानं लावली त्यानंच उतरून काढायची. लावणारा विसरून घरी गेलाच, तर त्याच्या जोडीदारानं खटक्यापाशी उभं राहून नावानं तीन हाका मारायच्या. तिन्हींना उत्तर आलं नाही, तरच पाटी काढायची. हे हाकांचं कुठल्या पुस्तकात नव्हतं, ती या यार्डाची रीत होती. छायाबाईंना तर पहिल्याच हाकेला वरून ओरडायची सवय होती, "आहे ना बाप्पा, आहे अजून!"

विलासभाऊंनी हाका मारल्या नव्हत्या. मारा, असं त्यांना यार्डात कोणी म्हटलंही नव्हतं. मोठ्या कार्यालयातून कडं मोकळं करायची विचारणा झाली, की कधी नायट्रोजन कमी पडे, कधी थंडयंत्राचा आवाज बदले, कधी अमावस्या येई. सगळे मिळून खोटं बोलत आणि नंतर चहा पीत.

पण आज नागपूरहून जी इंजिनीयर आली होती तिला हे सगळे डाव पाठ होते, कारण ती त्यांचीच मुलगी होती. ऋतुजा गाडीतून उतरली ती थेट कड्याच्या खोलीतच आली.

"बाबा, दोन दिवस माझा फोन घेत नाही तुम्ही."

"या खेपेला नायट्रोजन कमी आला बेटा."

"टाकी काठोकाठ भरली आहे. येता येता बघून आले."

"मग थंडयंत्र पाहा जरा. आवाज बरोबर नाही त्याचा."

"बाबा!"

विलासभाऊंनी तिच्यापुढे होकायंत्र धरलं. "पाह्य तरी. तुझी आई अजून फिरून राहिली."

ऋतुजानं काट्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले, पण ती मुद्द्यावरून हलली नाही. "आज दुपारी जुन्या गावाचा भाग मनोऱ्यांवरून काढून नव्या केबलवर घ्यायचा आहे. दोन्ही एकदम धरता येत नाहीत, दोघींची लय जुळत नाही. जुनीचा हात सोडायचा आणि मग नवीचा धरायचा. मध्ये क्षणभर गाव अधांतरी राहतं. तेवढा वेळ कड्यानं गाव पेललं तर कोणाला कळणारही नाही. नाही पेललं तर सगळं बंद पडेल, आणि या उन्हात इतके कूलर एकदम सुरू करता येत नाहीत. गल्ली गल्ली करत संध्याकाळ होईल."

"दुसरं कडं मागव ना. आहेत ना नागपूरला."

"ते पावसाळ्यानंतर येणार. आणि तोवर हे मनोरे टिकत नाहीत, मागच्या आठवड्यातच एक तार तुटली." ती जवळ आली. "वरून काय आदेश होता माहीत आहे? प्रवाह रोधात सोडा आणि जाळून टाका. रोध म्हणजे आपल्या इस्त्रीतली तार, फक्त मोठी. आईनं चढवलेला प्रवाह मी इस्त्रीत जाळू? भांडले मी. म्हटलं, द्यायचाच तर गावाला देऊ. तारीखही मीच मागून घेतली."

आज अक्षय तृतीया होती. विलासभाऊंनी पहाटेच छायाबाईंच्या नावानं मातीची घागर भरून ठेवली होती, वर आंबा ठेवला होता. लेकीनं हाच दिवस का निवडला हे त्यांना समजलं, आणि समजलं म्हणूनच त्यांचा राग उफाळला.

"ज्यानं लावली त्यानंच काढायची," ते म्हणाले. "मी नाही हात लावणार. तूही लावायचा नाही."

दारात ताराबाई उभ्या होत्या. हातात कुरडयांच्या चिकाची वाटी, ऋतुजासाठी आणलेली. त्यांच्या नवऱ्याची, मनोहरभाऊंची, फुफ्फुसं कोळशाच्या खाणीत कामातून गेली होती. घरी प्राणवायूचं मशीन लावलेलं असे. ताराबाईंचं घर जुन्या गावाच्या लाइनवर होतं.

"ऋतू, दुपारी लाइट जाणार म्हणतात. खरं आहे का गं? तुझ्या काकाचं मशीन आहे म्हणून विचारून राहिली."

"दवाखान्यातून सिलिंडर आणून ठेवलाय तुमच्यासाठी, मावशी. दोन तास चालतो," ऋतुजा म्हणाली. "पुढचं बाबांना विचारा."

ताराबाईंनी खटक्यावरच्या लाल पाटीकडे पाहिलं आणि मान हलवली. "नाही गं. मी नाही विचारत. छायाची पाटी आहे ती. भाऊजी, तुम्ही आमची चिंता करू नका. मी त्याले दवाखान्यात घेऊन जातो. चिक गरम आहे तोवर खाऊन घ्या दोघं." वाटी टेबलावर ठेवून त्या उन्हात निघून गेल्या.

भांडल्या असत्या तर विलासभाऊंना सोपं गेलं असतं. ते स्टुलावर बसले. छायाबाईंच्या शेवटच्या दिवसांत याच ताराबाई रोज रात्री उशाशी बसायच्या, हे त्यांना आठवत राहिलं. मनोहरभाऊंना या उन्हात रिक्षात घालून न्यायचं, म्हणजे काय होईल तेही दिसत होतं.

शेवटी ते म्हणाले, "तुले कळून नाही राहिलं ऋतू. पाटी काढायला मला काही नाही. पण काढायची तर आधी हाका माराव्या लागतात. अन् हाका मारल्या, अन् ती बोलली नाही, तर मग ती नाहीच. मग संपलंच ना माझ्यासाठी!"

ऋतुजानं त्यांचा हात धरला. "ती नाही, बाबा. मी रडून घेतलं, मावशीनं रडून घेतलं. तुम्ही एकटेच अजून खांबाखाली उभे आहात. आईला आवडलं असतं का हे?"

"शिव्या घातल्या असत्या तिनं," विलासभाऊ म्हणाले, आणि त्यांना हसू आलं आणि हसता हसता हुंदका फुटला.

दुपारी सगळी तयारी झाली. विलासभाऊ तोंड धुऊन, डोक्यावर शिरस्त्राण घालून खटक्यापाशी उभे राहिले, जणू छायाबाई खरंच वर चढल्या आहेत. खोलीचं दार त्यांनी उघडं ठेवायला सांगितलं.

"छाया!"

त्यांनी खाकरून पुन्हा छातीभर श्वास घेतला.

"छायाऽ!"

यार्डात कावळे हाकलणाऱ्या बायका थबकल्या. कोणीतरी डोक्यावर पदर घेतला. मनोऱ्याखाली उभी असलेली माणसं टोप्या काढून वर पाहू लागली, सवयीनं.

"छायाऽऽ! पाटी काढून राहिलो गं मी!"

थंडयंत्र चालू होतं. वाऱ्यानं साडीचं टोक फडफडलं. बाकी काही आवाज आला नाही. विलासभाऊंनी पुरतं थांबून घेतलं, मग दोन्ही हातांनी पाटी काढली आणि शर्टाच्या आत ठेवली.

"घे," ते लेकीला म्हणाले.

ऋतुजानं मनोऱ्यांखालच्या माणसांना इशारा केला. जुनी लाइन सुटली आणि त्याच क्षणी कड्याचं तोंड गावाकडे उघडलं. विलासभाऊ तळहातावरच्या होकायंत्राकडे पाहत होते. काटा थरथरला, कड्याकडून सुटला आणि उत्तरेकडे जाऊन थांबला. तोवर नवी केबल लागली होती.

"झालं," ऋतुजा म्हणाली.

"इतक्यात? दोन उन्हाळे फिरली अन् एका दमात गेली?"

"एका दमात नाही, सगळ्यांकडे गेली. थोडी दवाखान्यात, थोडी कोणाच्या कूलरमध्ये, थोडी मनोहरकाकांच्या मशीनमध्ये."

तेवढ्यात कुंपणापलीकडून ताराबाईंची हाक आली. "अगं ऋतू! रिक्षा येऊन उभी आहे. लाइट जाणार आहे तरी कधी?"

"नाही जाणार मावशी! रिक्षा परत पाठवा!"

ताराबाईंनी दोन्ही हातांची बोटं कड्याच्या खोलीच्या दिशेनं ओवाळून स्वतःच्या कानशिलांवर मोडली आणि लगबगीनं घरात गेल्या.

उन्हं कलल्यावर ऋतुजानं नव्या केबलवरून कडं पुन्हा भरलं. आता ते चाचणीचं राहिलं नव्हतं, रोजच्या कामाचं झालं होतं. तरी पहिल्या भरणीवर लक्ष ठेवायचं म्हणून तिनं रीतीप्रमाणे नवी लाल पाटी घेतली, खडूनं आपलं नाव लिहिलं आणि खटक्यावर अडकवली. विलासभाऊंनी होकायंत्र काढून धरलं. काटा वळला.

मग त्यांनी घरून आणलेल्या घागरीतलं पाणी एका लोट्यात घेऊन लेकीच्या हातावर घातलं. ती ओंजळीनं प्याली. पाटीवरच्या ताज्या अक्षरांकडे ते कितीतरी वेळ पाहत राहिले.

"ऋतू," ते म्हणाले, "ही काढायला तू स्वतःच येशील ना बाई? हाका मारायची वेळ नाही ना आणणार माझ्यावर?"