दणकट दोराचा कच्चा आकडा

शालन ओव्हाळ बदलापूरला बेलवलीत सुहासिनीबाईंच्या दारात उभी राहिली, तेव्हा हरिचंद्र तिसरा चहा पीत होता. सुहासिनीबाई कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या आणि आता खासगी गुप्तहेर. हरिचंद्र त्यांचा शेजारी आणि मदतनीस. डोकं जरा सावकाश चालायचं बिचाऱ्याचं.

"बाई, अंबरनाथ एमआयडीसीत मी नायलॉनचे दोर वळते. शेठ म्हणतात, माझा दोर कच्चा. आज पाचपर्यंत राजीनामा मागितलाय. पुढच्या आठवड्यात मी कायम होणार होते."

तिनं पिशवीतून वावभर दोर काढला. हरिचंद्रनं तो खिडकीच्या गजाला बांधला आणि स्वतः लोंबकळला. गज वाकला, पण दोर हूं की चूं करेना.

"उतरा, हरिभाऊ," बाई म्हणाल्या. "खिडकी माझी आहे."

कारखान्याचे मालक टहिलरामशेठ उल्हासनगरचे. आपल्या खोलीत त्यांनी बाईंसमोर चाचणीच्या कागदाच्या शेवटच्या ओळीवर बोट आपटलं.

"देखो बाई, सात चाचण्यांची सरासरी तीनशे शहाऐंशी किलो. चारशेच्या खाली दोर तुटला तर माल परत. कागद झूठ नहीं बोलता."

"वरचे आकडे पाहिलेत?"

"टाइम किसको है?"

बाहेर आल्यावर हरिचंद्र कुजबुजला, "कायम करायला नको म्हणून शेठनंच कागद बनवलाय."

"असेलही. आधी यंत्र बघू."

यंत्रापाशी शंकरराव होते, कपाळावर ठसठशीत गंध. सतरा वर्षं दोर तोडून आकडे लिहिण्याचं काम त्यांचं.

"एखादा आकडा गाळता का?" बाईंनी विचारलं.

"छे हो. यंत्र चाललं की आकडा लिहायचा. नियम म्हणजे नियम."

बाईंनी केसांतली पिन काढली आणि यंत्राच्या पकडीतून सुकलेली केशरी पाकळी बाहेर ओढली. "पूजा थाटात झालेली दिसते."

"खंडेनवमी चुकवत नाही मी. कारखाना बंद होता, तरी आलो."

मग बाईंनी शालनच्या दोराच्या चाचण्यांची वही मागितली. सहा आकडे साडेचारशेच्या आसपास होते. सातवा होता तीन, आणि त्याच्याशेजारी कुंकवाचं बोट उमटलेलं. हरिचंद्र वहीवर वाकला. "बाई, कुणीतरी दोर आधीच ब्लेडनं कापलाय."

पावणेपाचला सगळे शेठच्या खोलीत जमले. शालननं राजीनामा लिहून मुठीत धरला होता.

"पूजेनंतर मुहूर्ताला यंत्र एकदा चालवतात," बाई म्हणाल्या. "पण सुटीच्या दिवशी ताजा दोर कुठला? शंकरराव, पकडीत काय अडकवलंत?"

शंकररावांनी मान खाली घातली. "झेंडूची माळ."

"किती किलोला तुटली?"

"तीन. यंत्र चाललं म्हणून आकडा लिहिला, शालनच्याच पानावर."

हरिचंद्रला हसू आवरेना. शेठ मात्र लाल झाले.

"शेठ, दोर दणकट कधी म्हणायचा? हरिभाऊ लोंबकळले तरी टिकला तर. आकड्याचंही तसंच. तुमची सरासरी नाजूक, एका माळेनं चौसष्ट किलो घसरली. सातही आकडे चढत्या क्रमानं लावा आणि मधला बघा. साडेचारशे. तीनच्या जागी शून्य लिहा, तरी तो जागचा हलत नाही. संख्याशास्त्रात याला दणकट म्हणतात."

शेठनी वही मिटली. मग म्हणाले, "लडकी राहील. शंकरराव, तुम कल से मत आना."

शालन पुढे झाली.

"शेठ, शंकरमामांनी सतरा वर्षं बरोबर आकडे लिहिले. एका माळेपायी त्यांना काढणार असाल, तर हा घ्या माझा राजीनामा."

आणि तिनं तो टेबलावर ठेवला. एवढी खटपट करून वाचलेली नोकरी पोरगी दुसऱ्यासाठी पणाला लावत होती.

शेठनी कागद उचलला, वाचला आणि फाडला.

"दोनों काम पे जाओ," ते म्हणाले. "और शंकरराव, पुढच्या वर्षी पूजेला मलाही बुलाना."